रस्ता, वाटसरू आणि धोरण : वागळे इस्टेटच्या निमित्ताने

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्या निमित्ताने एक छोटेखानी समारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ह्यांच्या अध्यक्षतेखाली पार पडला. त्यापूर्वी, १ ऑक्टोबर १९६० रोजी, राज्य शासनाने औद्योगिक विकास मंडळ नेमले होते. त्या मंडळाच्या कामातूनच महामंडळाचा कायदा आकारास आला. उद्योगधंदे मुंबई बेटावरच एकवटून राहू नयेत, कारखानदारांस आखलेले भूखंड, पाणी, वीज आणि रस्ते तयार मिळावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे महाराष्ट्रभर ज्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या मालिकेच्या आरंभी वागळे इस्टेटचे नाव येते.

कारखान्यांचा, संपांचा आणि कामगार संघटनांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. रस्त्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. रस्ता ही अभियंत्याची बाब, त्यात इतिहास तो काय, अशी समजूत आहे. आम्हांस ही समजूत मान्य नाही. रस्ता कोठून न्यायचा, किती रुंद करायचा, कोणत्या वस्तीस जोडायचा आणि कोणत्या वस्तीस वगळायचे, हे सारे निर्णय सत्तेचे निर्णय असतात. ज्या समाजास शतकानुशतके सार्वजनिक वाटेवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, त्या समाजाने तरी रस्त्याचा विचार केवळ डांबर-खडीचा विचार मानू नये.

ह्या लेखात आम्ही दोन हक्कांमधील फरक स्पष्ट करू इच्छितो. पहिला हक्क रस्त्यावर येण्याचा. दुसरा हक्क रस्त्याचे नियोजन होताना मोजले जाण्याचा. पहिला हक्क दीर्घ संघर्षानंतर कायद्याने मिळाला. दुसरा अद्याप मिळावयाचा आहे, आणि वागळे इस्टेटसारख्या कामगार परिसरात त्याची उणीव प्रकर्षाने जाणवते.

शूर्पारक, कल्याण आणि नदीवरील पुण्यतर

ठाणे, कल्याण आणि सोपारा हा प्रदेश प्राचीन काळापासून मार्गांचा प्रदेश आहे. सोपारा म्हणजे शूर्पारक, आणि कल्याण ही दोन्ही पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदरे. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नर व पुढे पैठण गाठता येई. बोरघाटाच्या परिसरातून जाणाऱ्या वाटेवर कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी खोदली गेली. कान्हेरीच्या लेखांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांची नावे आढळतात. व्यापारी तांडे, कारागीर आणि भिक्खू एकाच वाटेने जात, आणि विहार हे त्या वाटेवरील विसाव्याचे ठिकाण असे.

ह्या प्रदेशात सम्राट अशोकाचा एक बोलका पुरावा सापडला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा आठवा लेख प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या आणि त्या यात्रांत जनपदातील लोकांस भेटणे हे राजाचे कर्तव्य मानले, असा त्याचा आशय. इतर लेखांत अशोकाने वाटेच्या कडेने वटवृक्ष लावल्याचे, आंबराया उभारल्याचे, ठरावीक अंतरांवर विहिरी खणल्याचे व विश्रामस्थाने बांधल्याचे नमूद केले आहे. ही सावली आणि हे पाणी माणसांसाठी व जनावरांसाठी होते. रस्त्याचे धोरण वाटसरूच्या थकव्यापासून सुरू होत होते, हा त्यातील मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

दुसरा पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याच्या लेखात त्याच्या दानांची यादी कोरलेली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने विश्रामगृहे बांधली; आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका ह्या नद्यांवर नावांनी विनामूल्य पार होण्याची सोय केली. त्या लेखातील शब्द ‘पुण्यतर’ असा आहे. तर म्हणजे नदी पार करणे. त्याचे मूल्य न घेणे हे पुण्य. ह्याच लेखात ब्राह्मणांस दिलेल्या दानांचाही उल्लेख आहे, म्हणून तो केवळ बौद्ध राजनीतीचा लेख आहे असे म्हणता येणार नाही. तथापि, नदीकाठी अडलेल्या सामान्य प्रवाशाकडून पैसा न घेता त्यास पैलतीरी पोहोचविणे हे राज्याचे काम आहे, ही कल्पना सुमारे १९०० वर्षांपूर्वी ह्याच किनारपट्टीवर दगडात कोरली गेली, हे विसरता येत नाही.

वाट दाखविणारा वाटेबाहेर

पुढील काळात ह्या भूमीवर रस्त्याचा अर्थच पालटला. ज्या वाटेवर तांडे आणि भिक्खू एकत्र चालत, ती वाट जातीच्या पहाऱ्याखाली आली. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवर अस्पृश्यांस थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे लागे आणि आपली पाऊलखूण पुसण्यासाठी कमरेस झाडू बांधावा लागे, ह्याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. माणसाची पाऊलखूणच जेथे अपराध ठरते, तेथे रस्ता सार्वजनिक आहे असे म्हणण्यास अर्थ उरत नाही.

विसंगती अशी की, वाटेची बरीच कामे त्याच माणसाकडून करून घेतली जात. महार वतनदाराच्या कामांत गावाच्या शिवेची राखण, सरकारी टपाल व निरोप पोहोचविणे, अंमलदारांचे सामान वाहणे आणि परक्या प्रवाशास पुढील गावापर्यंत वाट दाखविणे ही कामे येत. वाटाड्यास गावकुसाबाहेरील प्रत्येक पायवाट ठाऊक होती. परंतु गावातील रस्त्यावर त्यास मानाने चालता येत नव्हते. ह्या वेठीतून समाज मुक्त व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

वाहनाच्या प्रश्नाचा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः घेतला होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मकथनात त्यांनी दोन प्रसंग सांगितले आहेत. १९०१ साली बालवयात ते भावंडांसह मसूर स्थानकावर उतरून गोरेगाव येथे वडिलांकडे निघाले होते. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही ह्या अटीवर की मुलांनी गाडी हाकावी आणि तो बाजूने पायी चालेल. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब त्या वेळी विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. टांगेवाल्याने त्यांना घेऊन जाण्याचे नाकारले. वस्तीतील माणसांनी टांगा मिळविला. पण हाकणारा त्यांच्यातलाच, सवय नसलेला माणूस होता. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांस गंभीर दुखापत झाली.

दोन्ही प्रसंगी रस्ता होता आणि वाहनही होते. नव्हता तो हाकणारा. २८ वर्षांत मुलाचा बॅरिस्टर झाला, तरी गाडीवानाचा नकार तोच राहिला. वाहतूक म्हणजे केवळ मार्ग आणि वाहन नव्हे. ती माणसामाणसांतील संबंधांवर चालणारी व्यवस्था आहे, हे सत्य ह्या दोन प्रसंगांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितले गेले असेल.

ह्या अनुभवांची, आणि १९२४-२५ च्या वायकोमच्या सत्याग्रहासारख्या लढ्यांची पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मधील एका शब्दाचे मोल कळते. विहिरी, तलाव आणि स्नानघाट ह्यांच्या बरोबरीने तेथे ‘रस्ते’ हा शब्द आला आहे. राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी असलेल्या रस्त्याचा वापर करण्यास कोणाही नागरिकास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणांनी मनाई करता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने रस्ता आणि सार्वजनिक वाहन ह्या दोहोंबाबतची मनाई गुन्हा ठरविली. १९७६ साली त्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. येथवर पहिल्या हक्काचा इतिहास पूर्ण होतो. व्यवहारात तो आजही ठिकठिकाणी मोडला जातो, परंतु तो मोडणे हा अपराध आहे, एवढे तरी निश्चित झाले.

मोजणीचे शास्त्र

दुसऱ्या हक्काचा प्रश्न आधुनिक नियोजनातून उद्भवला. भारतातील रस्त्यांच्या धोरणाचा पाया मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली घातला गेला. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली आणि तिने १९२८ साली अहवाल दिला. रस्ते ही प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरची, राष्ट्रीय महत्त्वाची बाब आहे, असे समितीने मांडले. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निर्माण करण्यात आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली. तीत तयार झालेली योजना ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही उतरंड तेथेच निश्चित झाली.

ही कामगिरी मोठी होती, ह्यात शंका नाही. तरीही दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहिली ही की, रस्त्याचा निधी पेट्रोलवरील करातून उभा राहिल्याने रस्त्यावरचा नैतिक हक्कही मोटारीचाच, अशी धारणा हळूहळू रुजली. खडी फोडणारा आणि अनवाणी चालणारा पेट्रोल विकत घेत नव्हता. म्हणून हिशेबाच्या वहीत त्याचे नाव आले नाही. दुसरी ही की, उतरंडीत शेवटी असलेला ग्रामरस्ता गावापर्यंत पोहोचला, तरी गावकुसाबाहेरील वस्तीपर्यंत पोहोचेलच असे नव्हते. महाराष्ट्रात १९७४ पासून दलित वस्ती सुधारणेची स्वतंत्र योजना राबवावी लागली आणि तीत जोडरस्त्यांचा समावेश करावा लागला, हा त्याचाच कबुलीजबाब होय. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तोवर रस्त्याच्या पाटीवरही जात उभी होती.

आता मोजणीकडे वळू. रस्त्याची क्षमता ठरविताना अभियंते ‘पॅसेंजर कार युनिट’ हे एकक वापरतात. एक मोटारगाडी म्हणजे १ एकक. इतर वाहने तिच्या तुलनेत रस्त्याची किती जागा अडवितात, त्यावरून त्यांचा अंक ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांसाठी १९९० साली दिलेल्या मार्गदर्शिकेत मालमोटार किंवा बस ३, सायकल ०.५, हातगाडी ३ आणि बैलगाडी ८ असे अंक आहेत. ह्या गणितात साठ प्रवाशांची बस तीन मोटारींएवढी भरते, मग त्या तीन मोटारींत तीनच माणसे का असेनात. हमालाची हातगाडी मोटारीच्या तिप्पट अडथळा ठरते. आणि पायी चालणाऱ्या माणसास ह्या कोष्टकात अंकच नाही.

हे कोष्टक कोणी दुष्ट बुद्धीने तयार केले, असे आम्ही म्हणत नाही. वाहनांचा प्रवाह समजून घेण्याचे ते एक साधन आहे. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी त्याच संस्थेची वेगळी मार्गदर्शिका १९८८ साली निघाली आणि २०१२ साली सुधारली. तीत निवासी भागातही पादपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे सांगितले आहे. परंतु रस्ता रुंद करावयाचा की नाही, उड्डाणपूल बांधावयाचा की नाही, हे निर्णय पहिल्या कोष्टकावर होतात. दुसरी पुस्तिका बहुधा कपाटात राहते. साधन जेव्हा धोरणाची जागा घेते, तेव्हा ज्यास अंक नाही तो माणूस आराखड्यातून नाहीसा होतो.

कंपनीच्या नावाचे नाके, क्रमांकाचे रस्ते

हे सारे वागळे इस्टेटच्या जमिनीवर कसे उतरले, ते आता पाहू. ठाण्याचे महत्त्व वाहतुकीमुळेच वाढले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली. मुंबई-आग्रा रस्ता ठाण्यातून जात होता. पुढे मुंबईकडून आलेला पूर्व द्रुतगती महामार्ग वागळे इस्टेटच्या पूर्वेस ठाण्यातून गेला. औद्योगिक वसाहतीसाठी ही जागा सोयीची होती, ती ह्या मार्गांमुळे.

वसाहतीच्या आतील रस्ते मालासाठी आखले गेले. त्यांना नावे न देता क्रमांक देण्यात आले : रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. मालमोटार वळली पाहिजे, कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली पाहिजे, हा त्या आखणीचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. कारखान्यास कच्चा माल लागतोच. मात्र कारखान्यास कामगारही लागतो, आणि तो कोठे राहील व कामावर कसा येईल ह्याचा तितकाच काटेकोर आराखडा नव्हता. भूखंड यंत्रांस मिळाले. माणसांनी आपली जागा आपण शोधली. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, अंबिकानगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर ह्या वस्त्या वसाहतीभोवती दाटत गेल्या. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावयास लावलेली अनेक कुटुंबे मुंबई-ठाण्याच्या आसऱ्यास आली. त्यांत बौद्ध कुटुंबेही होती. ज्या हातांनी दुष्काळी कामांवर खडी फोडून खेड्यापाड्यांतील रस्ते केले होते, त्याच हातांना शहरात घरापर्यंत जाणारा धड रस्ता मिळाला नाही.

कामगारांनी ह्या परिसरावर आपली छाप ठेवली ती नावांनी. महामार्गावरील ‘नितीन कंपनी’ आणि ‘कॅडबरी’ हे चौक कारखान्यांच्या नावांनीच ओळखले जातात. पाळी सुटण्याच्या वेळी ज्या फाटकाशी माणसे जमत, ते फाटक थांब्याचे नाव झाले. ही नावे आज अशा तरुणांच्या तोंडी आहेत, ज्यांनी त्या कारखान्यांचा भोंगा कधी ऐकला नाही.

शहराचा कारभारही मागाहून आला. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, म्हणजे वसाहत सुरू झाल्यानंतर वीस वर्षांनी. महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा १९८९ साली सुरू झाली. मधल्या काळात कामगार राज्य परिवहनाच्या गाड्यांनी, सायकलींनी आणि बहुतांशी पायी स्थानकापासून वसाहतीपर्यंतचे अंतर कापीत होता. ज्या पिढीच्या श्रमावर वसाहत उभी राहिली, त्या पिढीची उमेदीची वर्षे ह्या चालण्यात गेली. ह्या चालण्याची नोंद कोणत्याही वाहतूक पाहणीने ठेवली नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर ह्यांच्या कारकिर्दीत ठाण्यात रस्ते रुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. कोंडलेले रस्ते मोकळे झाले आणि प्रशासन इच्छा असेल तर काम करू शकते, असा विश्वास नागरिकांत निर्माण झाला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु रुंदीकरणाची किंमत सर्वांनी सारखी दिलेली नसते. ज्याच्या बंगल्याचे कुंपण मागे सरकते त्याचे आणि ज्याची टपरी किंवा झोपडी जाते त्याचे नुकसान एका मापाने मोजता येत नाही. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. त्याच वेळी पादपथ हे चालण्यासाठी आहेत, असेही म्हटले. ह्या दोन तत्त्वांचा मेळ घालण्यासाठी २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. मेळ घालणे हेच धोरणाचे काम असते; नुसते पाडकाम हे धोरण नव्हे.

पथकर, मेट्रो आणि पायी चालणारा

दरम्यान वागळे इस्टेटचे रूप पालटले. अनेक जुने कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र गेले; त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची कार्यालये आणि व्यापारी संकुले आली. मालमोटारींसाठी आखलेल्या रस्त्यांवर आता खाजगी मोटारी, दुचाक्या आणि भागीदारीच्या रिक्षा चालतात. किसननगर परिसरात २०२३ साली समूह पुनर्विकास योजनेचा आरंभ झाला. ठाणे आणि मुलुंड ह्यांच्या दरम्यान मनोरुग्णालयाच्या जागेवर नव्या उपनगरी स्थानकाचे काम हाती घेण्यात आले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोस मंजुरी दिली : लांबी २९ किलोमीटर, स्थानके २२, खर्च सुमारे १२,२०० कोटी रुपये. रायलादेवी, वागळे सर्कल आणि लोकमान्यनगर ही त्या मार्गावरील नियोजित स्थानके आहेत. ज्या वस्त्यांना कधी धड रस्ता मिळाला नव्हता, त्यांच्या दाराशी मेट्रो येणार, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

पथकराचा इतिहासही ह्याच परिसरातून जातो. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील नाक्यांपैकी आनंदनगर आणि मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग हे दोन ठाण्याच्या वेशीवर आहेत. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून राज्य शासनाने ह्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांस पथकर माफ केला. वर्षानुवर्षे नागरिकांनी केलेल्या मागणीस यश आले. उषवदाताचे पुण्यतर येथे आठवते; परंतु तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. त्या काळी नावेत बसणारा प्रत्येक वाटसरू माफीचा धनी होता. येथे मोटारवाल्याची माफी ताबडतोब अमलात आली; आणि त्याच महामार्गाचे सेवारस्ते ओलांडून कामावर जाणाऱ्या माणसास जी माफी हवी आहे, ती मरणाच्या धोक्यापासूनची आहे.

हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे दर दिवशी सुमारे ९० माणसे केवळ चालत असताना मारली गेली. ज्यास मोजणीच्या कोष्टकात अंक नाही, त्याची मोजणी मृतांच्या यादीत तेवढी होते. ह्या यादीत जातीचा रकाना नाही. परंतु शहरात कोण चालतो आणि कोण चालविला जातो, हे जाणण्यास त्या रकान्याची गरज नाही.

धोरणाच्या पातळीवर ह्याची जाणीव नाही, असे नव्हे. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलविण्याऐवजी माणसे हलविण्यास महत्त्व द्यावे, असे तत्त्व स्वीकारले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादपथ वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले, पादपथ अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे असावेत, आणि त्यासाठी राज्यांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार करावीत, असा आदेश दिला. अनुच्छेद १५ ने रस्त्यावर येण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २१ ने आता त्यावरून जिवंत परतण्याचा हक्क मान्य केला आहे. ह्या दोहोंमधील अंतर कापण्यास पंचाहत्तर वर्षे लागली.

काय करावयास हवे

तत्त्व मान्य होणे आणि ते गल्लीत उतरणे ह्यांत पुष्कळ अंतर असते. ह्याचे एक कारण कारभाराच्या विखुरलेपणात आहे. ठाण्यासारख्या शहरात महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, १९७५ साली स्थापन झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि १९९६ साली स्थापन झालेले राज्य रस्ते विकास महामंडळ अशा अनेक यंत्रणांचा रस्त्यांशी संबंध येतो. उड्डाणपूल एकाचा, त्याखालील चौक दुसऱ्याचा, बाजूचा नाला तिसऱ्याचा. मोटारवाला ह्या सीमा न जाणता निघून जातो. पायी चालणाऱ्यास मात्र प्रत्येक सीमेवर तुटलेला पादपथ भेटतो.

दुसरे कारण आपल्याकडे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात आणि त्यांवर सुनावणी होते. ठाणे महापालिकेनेही २०२४ साली सुधारित आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केले. अशा वेळी भूखंडधारक, विकासक आणि मोठ्या गृहसंकुलांतील रहिवासी नकाशे घेऊन जातात. कामगार वस्तीतून हरकत बहुधा तेव्हाच जाते, जेव्हा घरावर रेघ आलेली असते. घर वाचविण्याची हरकत आवश्यकच आहे. परंतु आमच्या गल्लीतून शाळेपर्यंत पादपथ का नाही, ह्या चौकात रस्ता ओलांडण्याची सोय का नाही, बस थांब्यावर सावली का नाही, अशी सूचना लेखी जावयास हवी. ती न गेल्यास आराखडा करणाऱ्याच्या लेखी तेथे कोणी चालतच नाही.

हे काम अवघड नाही. आपल्या विहारांतून, महिला मंडळांतून आणि विद्यार्थी वर्गांतून दहा-बारा जण उभे राहिले, तर सकाळच्या दोन तासांत एखाद्या नाक्यावरून किती माणसे पायी गेली, किती बसने, किती रिक्षाने आणि किती मोटारीने, ह्याची मोजदाद होऊ शकते. कोष्टक वाहनांचे न करता माणसांचे करावे. त्यात लहान मुले, वृद्ध आणि कुबडी वा चाकाची खुर्ची वापरणारे वेगळे नोंदवावेत. ते कोष्टक प्रभागातील लोकप्रतिनिधीस, महापालिकेच्या वाहतूक विभागास आणि मेट्रोच्या नियोजनकर्त्यांस सुनावणीच्या वेळी द्यावे. मेट्रोचे स्थानक वागळे सर्कलला येईल. पण किसननगरच्या चिंचोळ्या गल्लीतून त्या स्थानकापर्यंत म्हातारी कशी पोहोचणार, ह्याचे उत्तर आताच मागितले पाहिजे. एकदा खांब उभे राहिले की उत्तर मिळत नाही.

बाबासाहेबांनी चाळीसगावच्या अपघातातून केवळ दुःख नोंदवून ठेवले नाही. रस्ता हा शब्द संविधानात येईपर्यंतचा लढा त्यांनी व त्यांच्या पिढीने दिला. आपल्या पिढीच्या वाट्यास त्यापुढील, काहीसे रुक्ष आणि कागदी, परंतु तितकेच आवश्यक काम आले आहे. विकास आराखड्याची पुढील सुनावणी जाहीर होईल, त्या दिवशी वागळे इस्टेटच्या प्रत्येक वस्तीतून माणसांच्या मोजदादीचा किमान एक कागद दाखल व्हावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.